किनाऱ्याजवळचं घर आणि विम्याची तीन कोटेशन

वाचकाचं पत्र

वसई पश्चिमेला, खाडीपासून जवळच आमचं तळमजला अधिक एक मजला असं रो-हाऊस आहे. कार्पेट ९०० चौरस फूट, बिल्ट-अप १,१००. बाजारभाव ९५ लाखांच्या आसपास. गृहकर्ज मंजूर होताना बँकेने दहा वर्षांच्या घरविम्याचं कोटेशन पुढे केलं: विमा रक्कम ९५ लाख, एकरकमी हप्ता जीएसटीसह ६१,३६० रुपये. "कर्जातच टाकू, तुम्हाला खिशातून काही द्यायला नको," असं सांगितलं. ऑनलाइन शोधलं तर एका कंपनीने १९.८० लाखांच्या विम्याला वर्षाला फक्त १,२९८ रुपये दाखवले. ओळखीच्या एजंटने तिसरं दिलं: इमारत २५ लाख, सामान ८ लाख, शिवाय घरफोडी, वर्षाला ३,५४० रुपये. त्यात 'किनारपट्टी लोडिंग', म्हणजे किनाऱ्याच्या जोखमीपोटी जादा हप्ता, म्हणून ४६० रुपये लावलेत. एका आर्किटेक्टने बांधकामाचा खर्च बिल्ट-अपवर चौरस फुटाला २,२०० रुपये असा लेखी दिला आहे. कंपाउंडची भिंत, गेट, पाण्याची टाकी आणि पोर्चचा पत्रा यांचे १.८० लाख आणि भिंतीत बसवलेले वॉर्डरोब व किचन ट्रॉल्यांचे २ लाख असा वेगळा अंदाजही घेतला आहे. समुद्र जवळ म्हणून आमच्याकडून जास्त पैसे काढतायत का? यातलं वाजवी कोणतं? एजंटच्या कोटेशनची प्रत सोबत जोडली आहे.

उत्तर

ऑनलाइन आणि एजंट या दोन वार्षिक कोटेशनमध्ये महाग दिसणारं एजंटचं कोटेशन खरं तर वाजवीपणाच्या सर्वात जवळ आहे. दोन आकडे दुरुस्त करून आणि लोडिंगचं कारण लेखी मागून ते घ्या. बँकेचं आहे तसं घेऊ नका. ऑनलाइनचं स्वस्त नाही, अपुरं आहे.

हप्त्याची रक्कम पाहून कोटेशनची तुलना होत नाही. तुलना करायची ती हजारी दराची, म्हणजे हजार रुपयांच्या विम्याला वर्षाला किती पैसे पडतात याची. आधी जीएसटी काढून टाका. घरविम्यावर तो १८ टक्के आहे, म्हणून एकूण रकमेला १.१८ ने भागा. बँकेचे ६१,३६० म्हणजे मूळ ५२,०००. दहा वर्षांचे आहेत, म्हणून वर्षाला ५,२००. विमा रक्कम ९५ लाख म्हणजे ९,५०० हजार. ५,२०० ला ९,५०० ने भागलं की येतात हजारी ५५ पैसे. ऑनलाइनचे १,२९८ म्हणजे मूळ १,१००, विमा १,९८० हजारांचा. पुन्हा ५५ पैसे, किंचित वर. एजंटच्या प्रतीत इमारतीच्या २५ लाखांना १,३७५ रुपये लावलेत. तेही ५५ पैसेच.

म्हणजे तिघांचा मूळ दर एकच आहे. फरक आहे तो कशाचा आणि किती रकमेचा विमा काढला जातोय, त्यात. (हे ५५ पैसे तुमच्या तीन कागदांतले आहेत, सगळ्या बाजाराचा भाव म्हणून धरू नका. घरविमा ज्यात मोडतो त्या आगविम्याचे दर २००७ पासून खुले आहेत, प्रत्येक कंपनी आपला लावते. म्हणूनच किमान तीन कोटेशन हाताशी हवीत, ती तुम्ही घेतलीत हे उत्तम केलंत.)

आता रकमेकडे. ९५ लाखांत जमिनीची किंमत आहे, वसई स्टेशनपासूनच्या अंतराची आहे, बिल्डरच्या नफ्याची आहे. यातलं काही जळत नाही की वाहून जात नाही. विमा कंपनी देते तो पडलेलं घर पुन्हा उभं करण्याचा खर्च. देशातल्या सर्व साधारण विमा कंपन्यांना १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही एकाच मजकुराची प्रमाणित पॉलिसी ठेवावी लागते. तिच्यातलं सूत्र स्पष्ट आहे: कार्पेट क्षेत्र गुणिले पॉलिसी सुरू होतानाचा बांधकामाचा दर. उद्या घर पूर्ण जमीनदोस्त झालं तरी ९५ लाख हातात पडणार नाहीत, बांधकामाचा खर्च तेवढा मिळेल. वरच्या रकमेवरचा हप्ता मात्र दहा वर्षांचा आगाऊ गेलेला असेल.

सूत्र सोपं आहे, पण फसायला होतं ते इथेच. तुमचं ऑनलाइन कोटेशन पाहा: १९.८० लाख आले कुठून? ९०० गुणिले २,२००. क्षेत्र कार्पेटचं टाकलं आणि दर बिल्ट-अपचा. आपल्याकडे आर्किटेक्ट आणि ठेकेदार दर सांगतात तो बहुधा बिल्ट-अपवर, आणि पॉलिसीचा फॉर्म विचारतो कार्पेट. भिंतींची जाडी, जिना, बाल्कनी हे सगळं बांधायला पैसे लागतातच, ते मधल्यामध्ये गळून पडतं. बरोबर हिशोब असा: १,१०० गुणिले २,२०० म्हणजे २४.२० लाख. त्याला ९०० ने भागलं की कार्पेटवरचा दर येतो सुमारे २,६८९ रुपये. फॉर्ममध्ये हा दर भरायचा. एका रकान्यातल्या चुकीने ४.४० लाखांचं घर विम्याबाहेर राहिलं होतं.

यात आणखी दोन गोष्टी मिळवायच्या. कंपाउंडची भिंत, गेट, पोर्च, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, गच्चीवरचे सोलर पॅनेल ही 'भारत गृह रक्षा'मध्ये इमारतीचाच भाग धरली जातात, पण त्यांचा खर्च तुम्ही वेगळा जाहीर करायचा असतो. किनाऱ्यालगतच्या वादळात सगळ्यात आधी जातो तो पोर्चचा पत्रा आणि कंपाउंडची भिंत, त्यामुळे हे १.८० लाख सोडू नका. दुसरं, भिंतीला कायमचं बसवलेलं फर्निचर. पॉलिसीत सामान म्हणजे जे घराला पक्कं जोडलेलं नाही ते. वॉर्डरोब आणि ट्रॉल्या पक्क्या असतील तर त्या इमारतीच्या रकमेत जातात. आर्किटेक्टच्या २,२०० च्या दरात त्या नसणार, म्हणून ते २ लाख वर धरा. तळमजल्यावर पाणी शिरलं की प्लायवूडच्या ट्रॉल्या दोन दिवसांत फुगतात, दावा तिथेच मोठा होतो. एकूण रक्कम झाली २८ लाख.

बँकेच्या कोटेशनमधला अन्याय आता मोजता येतो. त्यांच्याच दराने २८ लाखांच्या विम्याला दहा वर्षांचे जीएसटीसह सुमारे १८,१०० रुपये होतात. ते मागतायत ६१,३६०. वरचे ४३ हजार अशा विम्याचे, ज्याचा दावा कधीच मंजूर होऊ शकत नाही. आणि "कर्जातच टाकू" हे वाक्य नीट ऐका. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या कर्जात हे ६१,३६० टाकले तर महिन्याचा हप्ता सुमारे ५३३ रुपयांनी वाढतो आणि शेवटपर्यंत तुमच्याकडून सुमारे १ लाख २८ हजार जातात. विमा दहा वर्षांचा, त्याचं कर्ज वीस वर्षांचं.

शिवाय दहा वर्षांचे पैसे आज एकदम घेऊन कंपनीने दरात सूट कितीशी दिली? वर्षाच्या पॉलिसीचा दर ५५ पैसे आणि हाही ५५ पैसेच. दीर्घ मुदतीच्या पॉलिसीला सूट विचारायचीच असते. एक गोष्ट मात्र दीर्घ मुदतीच्या बाजूने आहे: 'भारत गृह रक्षा'त मुदत एका वर्षाहून जास्त असेल तर विमा रक्कम दर वर्षी मूळ रकमेच्या १० टक्क्यांनी आपोआप वाढते, त्यासाठी जादा हप्ता लागत नाही. सिमेंट, सळई आणि मजुरीचे भाव वाढतात त्याची सोय त्यातच झालेली असते. म्हणून "आत्ताच ९५ टाका, पुढे खर्च वाढतो ना," असं कुणी म्हणालं तर त्या म्हणण्यात काही अर्थ नाही. २८ लाखांची, दहा वर्षांची, सूट दिलेली आणि कर्जाबाहेर भरलेली पॉलिसी बँकेने दिली, तर तीही विचारात घ्या.

बँक विमा मागू शकते, कारण घर तिच्याकडे तारण आहे. मात्र अमुकच कंपनीचा घ्या अशी सक्ती ती करू शकत नाही. तुम्ही कुठूनही पॉलिसी घ्या आणि तिच्यात बँकेचं हित नोंदवणारं कलम टाकून घ्या, व्यवहारात त्याला 'बँक क्लॉज' म्हणतात. बँकेच्या कोटेशनवर पॉलिसीचं नाव आणि यूआयएन क्रमांकही (प्रत्येक विमा योजनेचा वेगळा ओळख क्रमांक) तपासा. कर्जदाराच्या जीवनाचा विमा 'लोन प्रोटेक्शन' म्हणून घरविम्याच्याच पाकिटात घातलेला आढळतो. तसं असेल तर ६१,३६० मधले घराचे किती आणि जीवनाचे किती हे वेगळं लिहून मागा, आणि वरचा हिशोब फक्त घराच्या भागावर पुन्हा करा.

ऑनलाइनच्या १,२९८ बद्दल एक बाब न्यायाने सांगायला हवी. 'भारत गृह रक्षा'त कमी रकमेच्या विम्याची कपात पूर्ण माफ आहे. जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत सरासरीचं कलम लागायचं: २४.२० लाखांचं घर १९.८० लाखांना उतरवलं आणि ६ लाखांचं नुकसान झालं, तर हातात ४.९१ लाख पडायचे. या पॉलिसीत इमारतीचे सहाच्या सहा लाख मिळू शकतात. मग १९.८० ला काय हरकत, असं वाटेल. हरकत अशी की कमाल मर्यादा तीच राहते, आणि सामानाचं संरक्षणही तिलाच बांधलेलं असतं. इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, एवढं सामान यादी न देता आपोआप उतरतं. १९.८० वर ते ३.९६ लाख, २८ वर ५.६० लाख. आणि एक खात्री करून घ्या की ते कोटेशन 'भारत गृह रक्षा'चंच आहे. कंपनीचं स्वतःचं वेगळं पॅकेज असेल तर हे माफीचं कलम त्यात आहे का, ते वाचल्याशिवाय गृहीत धरू नका.

आता तुमच्या मूळ शंकेकडे: किनारपट्टी लोडिंग. एजंटच्या प्रतीत इमारतीचे १,३७५ आणि जादा सामानाचे १६५ मिळून १,५४० रुपयांवर ४६० लावलेत, म्हणजे जवळजवळ ३० टक्के. लोडिंग लावणं गैर नाही. जोखीम जास्त तर दर जास्त, हा धंद्याचा नियमच आहे. प्रश्न एवढाच की कंपनीने तुमच्या घराची जोखीम पाहिली की फक्त पिनकोड?

'किनारपट्टी' ही एकच जोखीम नाही. वाऱ्याचं पाहिलं तर इमारतींच्या रचनेसाठी वापरल्या जाणाऱ्या आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. चेन्नई, विशाखापट्टणम, भुवनेश्वर इथे तो ५० मीटर, म्हणजे ताशी १८०. पूर्व किनाऱ्याचा लोडिंगचा तक्ता पश्चिम किनाऱ्याला जसाच्या तसा लावला असेल तर तो तुम्ही नाकारू शकता. वादळ आपल्याकडे येतच नाही असा याचा अर्थ नव्हे: ३ जून २०२० ला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेही पाऊस नीट सुरू व्हायच्या आधी.

वसईसारख्या सखल, मिठागरं आणि खाड्यांच्या पट्ट्यात वाऱ्यापेक्षा पाण्याची भीती मोठी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, पण एवढा विक्रम लागतोच असं नाही. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की गटाराचं पाणी खाडीत उतरत नाही, उलट मागे येतं. अशा वेळी तुमच्या घराचं काय होतं हे पिनकोडवरून कळत नाही, ते कळतं जोत्याच्या उंचीवरून. आणि जोतं एक मजेशीर प्रकार आहे: रस्ता दर डांबरीकरणात वर येतो, जोतं आहे तिथंच राहतं. घर बांधताना तीन फूट असलेलं जोतं काही वर्षांनी रस्त्यापासून दीडच फूट उरलेलं असतं.

म्हणून एजंटकडे भांडण्याआधी मोजा. रस्त्याच्या मधला उंचवटा आणि तळमजल्याची फरशी यांतला फरक पारदर्शक पाण्याच्या नळीने काढा, प्लंबर किंवा गवंडी काढतो तसा. नळीतली पातळी दोन्ही टोकांना स्थिर झाली की टेपने मोजायचं आणि टेपसकट फोटो काढायचा. आधीच्या पुरात पाणी कुठवर आलं त्याची खूण भिंतीवर असेल तर तिचाही काढा, आणि शेजाऱ्यांना विचारा. हे फोटो, घराचं वय, आरसीसी बांधकाम आहे हे, आणि मागच्या काही वर्षांत पाणी शिरलं होतं की नाही याची खरी माहिती एजंटमार्फत कंपनीला पाठवा. पाणी शिरलं असेल तर ते लपवू नका. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी नुकसान तपासायला आलेल्या सर्वेअरला ओलीच्या रेषेवरून दिसते आणि मग सगळा दावाच अडतो.

सोबत हा मजकूर जोडा:

"किनारपट्टी लोडिंग ४६० रुपये कोणत्या जोखमीसाठी आहे: वारा, पूर, की दोन्ही? ते माझ्या घराच्या पाहणीवर आधारित आहे की पिनकोडवर? सोबत जोत्याचे मोजमाप व फोटो आहेत, त्यानुसार फेरविचार करावा. भरतीच्या वेळी खाडीचे किंवा गटाराचे पाणी घरात शिरल्यास होणारे नुकसान पूर व पाणी साचणे या जोखमीखाली धरले जाईल का? शेड्यूलमध्ये कोणताही एक्सेस आहे का, आणि असल्यास तो दाव्याच्या रकमेवर की विमा रकमेवर? कृपया लेखी कळवावे."

शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तसा नाही. शेड्यूल म्हणजे पॉलिसीतलं तुमच्या घराच्या तपशिलाचं पान, आणि एक्सेस म्हणजे नुकसानीतला तुम्ही सोसायचा वाटा. ३ लाखांच्या दाव्यावर ५ टक्के म्हणजे १५,०००. तेच ५ टक्के विमा रकमेवर लिहिले असतील तर २८ लाखांवर १.४० लाख, म्हणजे जवळजवळ अर्धा दावा गेला. हप्ता दोन-तीनशे रुपयांनी कमी दाखवून वादळ-पुरासाठी असा एक्सेस घातलेलं कोटेशन स्वस्त म्हणायचं नाही. आणि पूर-वादळच वगळून हप्ता उतरवणारं कुणी भेटलं तर त्याला तिथेच नमस्कार करा.

लोडिंग मागे घेतलं नाही तर? जीएसटीसह वर्षाला साडेपाचशे रुपयांचा मामला आहे. तळमजल्यावर घर आणि जोतं दीड फूट असेल तर तेवढं रास्त मानून द्या. जोतं तीन फूट आणि पाण्याचा इतिहास नसेल तर दुसऱ्या कंपनीकडे तेच फोटो पाठवून कोटेशन मागवा.

समुद्राजवळच्या घराला खरं रोज पोखरतं ते मात्र कोणत्याही हप्त्यात उतरत नाही. खाऱ्या हवेने सळई गंजते, फुगते, आणि स्लॅबच्या खालचं काँक्रीट पापुद्रे सुटून पडतं. हे हळूहळू होणारं नुकसान आहे, विम्यातली घटना नव्हे. भिंतीच्या जुन्या तड्यातून झिरपणारी पावसाची ओल तीच गत. जमीन खचण्याचं संरक्षण पॉलिसीत आहे, पण त्याच कलमातले अपवाद वाचा: समुद्राच्या किंवा नदीच्या पाण्याने किनारा झिजणं वगळलंय, भराव टाकून तयार केलेली जमीन बसणं वगळलंय, नव्या बांधकामाच्या नेहमीच्या भेगा वगळल्यात, सदोष बांधकामही वगळलंय. तुमच्या भागात दलदलीवर भराव टाकून उभ्या राहिलेल्या वसाहती आहेत. तुमचा प्लॉट त्यातला असेल तर जमीन बसून पडलेल्या भेगांसाठी विम्यावर विसंबू नका. "समुद्राजवळ ना, म्हणून सगळं धरून लोडिंग आहे," असं एजंट म्हणाला तर त्याला हेच कलम दाखवा.

उलट, काही गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत आणि लोक त्या मागायला विसरतात. शेजाऱ्याचा उडालेला पत्रा तुमच्या काचेवर आदळला किंवा नारळ उन्मळून गच्चीवर पडला, तर आघाताने होणारं नुकसान यात येतं. टाकी किंवा पाइप फुटून झालेलंही येतं. घर राहण्याजोगं उरलं नाही तर पर्यायी जागेचं भाडं, दाव्याच्या ५ टक्क्यांपर्यंत आर्किटेक्ट-इंजिनिअरची फी आणि २ टक्क्यांपर्यंत राडारोडा हलवण्याचा खर्च पॉलिसीतच आहे. यासाठी कुणी वेगळे पैसे लावले असतील तर ते काढायला सांगा.

एजंटच्या कोटेशनमधल्या दोन दुरुस्त्या आता सांगतो. त्याने ८ लाखांच्या सामानात २ लाखांचे वॉर्डरोब-ट्रॉल्या धरलेल्या दिसतात. त्या इमारतीत गेल्या की सामान उरतं ६ लाखांचं, आणि २८ लाखांच्या इमारतीवर ५.६० लाख आपोआप मिळतात. जादा उतरवायचे राहतात फक्त ४० हजार. त्याच्याच दराने इमारतीचे १,५४०, जादा सामानाचे २२. घरफोडीचे त्याने ८ लाखांना १,००० लावलेत, ते ६ लाखांना ७५० होतात. बसवलेली कपाटं काही चोर उचलून नेत नाही. बेरीज २,३१२, जीएसटीसह २,७२८ रुपये. ३० टक्के लोडिंग तसंच ठेवलं तर सुमारे ३,२८१. म्हणजे इमारतीची विमा रक्कम ३ लाखांनी वाढूनही तुम्ही आजच्या ३,५४० पेक्षा कमी भराल.

घरफोडीचा भाग अर्थात ऐच्छिक आहे. मूळ पॉलिसीत चोरी येते ती फक्त आग, पूर, वादळ अशा घटनेनंतर सात दिवसांत झालेली. एरवीची घरफोडी त्यात नाही, आणि म्हणूनच उरलेल्या दोन कोटेशनशी एजंटचं थेट ताडून पाहता येत नव्हतं. घेणार असाल तर 'फर्स्ट लॉस' पद्धतीची मर्यादा लिहिली आहे का ते पाहा: ६ लाखांवर २५ टक्के फर्स्ट लॉस असेल तर कमाल दीड लाखच मिळतील, आणि मग ७५० रुपये जास्त होतात. दागिने साध्या सामानात येत नाहीत. त्यांच्यासाठी मौल्यवान वस्तूंचं वेगळं ऐच्छिक कलम आहे. एकूण ५ लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू १ लाखापर्यंत असेल तर त्याला मूल्यांकनाचा दाखला लागत नाही.

हे वाचणाऱ्या फ्लॅटधारकांसाठी थोडं वेगळं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत इमारतीचा विमा काढण्याची तरतूद आहे, तेव्हा सचिवांकडून पॉलिसीची प्रत मागा आणि रक्कम व पूर-वादळाचं कलम पाहा. सोसायटीचा विमा पुरेसा असेल तर तुम्हाला मुख्यतः आतल्या फिटिंगचा आणि सामानाचा विमा लागतो. एकाच भिंतीसाठी दोन पॉलिसींतून दुप्पट भरपाई मिळत नाही.

बँकेची पॉलिसी घाईत आधीच निघाली असेल तरी ती अंगाला चिकटलेली नाही. वैयक्तिक साधारण विमा पॉलिसी ग्राहकाला केव्हाही, कारण न देता रद्द करता येते, आणि एका वर्षाहून जास्त मुदतीच्या पॉलिसीत अजून सुरू न झालेल्या वर्षांचा हप्ता परत मिळतो. फक्त क्रम सांभाळा: आधी नवी पॉलिसी सुरू करा, बँकेचं कलम घातलेली तिची प्रत शाखेत देऊन पोच घ्या, मग जुनी रद्द करण्याचा अर्ज विमा कंपनीला द्या. परतावा कर्जखात्यात जमा झाला तर मुद्दल तेवढं कमी झालंय ना, हे पुढच्या स्टेटमेंटमध्ये पाहा.

नव्या पॉलिसीचं शेड्यूल हातात आलं की पत्ता, कार्पेट क्षेत्र, चौरस फुटाचा दर आणि जाहीर केलेली जादा बांधकामं हे चार रकाने ताडून घ्या. वरचा मजला पर्यटकांना शनिवार-रविवारी भाड्याने देणार असाल किंवा घर महिनाभराहून जास्त बंद राहणार असेल, तर कंपनीला आधी लेखी कळवा. पोर्चवर खोली चढवणार असाल तर तेही कळवा. कार्पेट क्षेत्र १० टक्क्यांहून जास्त वाढवणारं, न कळवलेलं वाढीव बांधकाम पॉलिसीबाहेर राहतं, आणि तुमच्या ९०० फुटांत ते ९० फूट, म्हणजे जेमतेम एक छोटी खोली.